पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीनं कोल्हापूर ते बेंगलोर : पोचायची वेळ कुणाला देऊ नको

भावा, तुझा प्रश्न दोनदा नीट वाचला. गाडी घेऊन वर्ष झालंय, आजवर कोल्हापुरात आणि फार तर इचलकरंजी-जयसिंगपूरपर्यंत चालवलीयस, आता भाऊबीजेला आई-बाबा, मिसेस आणि चार वर्षांची लेक घेऊन ताईकडं बेंगलोरला जायचंय, पाडव्याच्या रात्री दहाला निघालं की रस्ता मोकळा मिळतोय आणि सकाळी नऊपर्यंत ओवाळून घ्यायला हजर, तर गाडीला काय काय करून घेऊ आणि काका जमेल का, असं तू विचारलंयस. मी २८ वर्षं टुरिस्टच्या गाड्या चालवतोय, बेंगलोर-म्हैसूर किती वेळा केलं त्याचा हिशोब नाही, त्यामुळं जे माहिती आहे ते सगळं सांगतो, जरा लांबेल, पण निवांत बसून वाच.

जमेल. नक्की जमेल. पण रात्री दहाला निघून नाही, आणि एका दमात तर अजिबात नाही. आणि गाडीचं काम काढायच्या आधी एक काम कर, ताईला फोन लाव आणि सांग की भाऊबीजेच्या दिवशी येतोय, दुपार होईल, संध्याकाळ होईल, जेवायला थांबू नका. वेळ देऊ नको. हे तुला किरकोळ वाटेल पण एवढ्या वर्षांत मी जेवढ्या गाड्या रस्त्याच्या कडेला चेपलेल्या बघितल्या आणि ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो, त्यात निम्म्या लोकांचं पहिलं वाक्य हेच असतंय की अमुक वाजेपर्यंत पोचायचं होतं. मुहूर्त होता, विमान होतं, जेवणं खोळंबली होती. एकदा वेळ डोक्यात बसली की माणूस झोप आली तरी थांबत नाही, चहा टाळतो, ट्रक साईड देत नाही म्हणून डावीकडनं घुसतो, पावसात वेग कमी करत नाही. या सगळ्या चुका वेगवेगळ्या दिसतात पण सगळ्यांच्या मुळाशी घड्याळच असतंय.

मी स्वतः त्यातनं गेलोय म्हणून सांगतो. २००९ चा मे महिना, बेंगलोरहून कोल्हापूरला परत येत होतो, गाडीत पाच माणसं, सकाळी लग्नाला पोचवतो असा शब्द दिला होता. आदल्या दिवशी दिवसभर गाडी चालवलेली, दुपारी तासभर पडलो होतो तेवढीच झोप. हावेरी सोडलं तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते. त्यानंतर एक पेट्रोल पंप गेला तो आठवतोय, आणि त्यानंतर जे आठवतंय ते थेट आवाज. मधलं काहीच नाही. डोळे उघडे होते असंच मला वाटत होतं, हात स्टिअरिंगवर होते, पण गाडी आपोआप डावीकडं सरकत गेली होती आणि कडेला उभ्या ट्रकच्या कोपऱ्याला डावा आरसा घासला. पुढं जाऊन थांबलो, उतरून बघतोय तर आरशाच्या जागी नुसता दांडा आणि दोन वायरी लोंबत होत्या. वीतभर अजून आत गेलो असतो तर डाव्या बाजूला बसलेला माणूस राहिला नसता, आणि तो झोपलेला होता, त्याला काही कळलंही नाही. हिशोब कर, ताशी ९० नं गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चार सेकंद डोळा लागला तर शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नाही. त्या दिवसानंतर मी गिऱ्हाइकाला पोचायची वेळ देत नाही, निघायची देतो.

म्हणून रात्री दहाचं डोक्यातनं काढ. तू दिवसभर पाडव्याच्या गडबडीत असणार, सकाळी अभ्यंगस्नानाला पाचला उठलेला, मग पूजा, पाहुणे, जेवण, आणि रात्री दहाला स्टिअरिंगवर बसणार, म्हणजे सुरुवातीलाच सतरा तास जागा. रात्री दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतंच, कितीही चहा पी. आणि रात्री रस्ता मोकळा असतो हे पण खरं नाही, रात्री मोटारी कमी असतात पण ट्रक-कंटेनर आणि स्लीपर बस सगळ्या तेव्हाच असतात.

आणि दिवाळी म्हणजे आपल्याकडं गळीत हंगामाची सुरुवात. कागल, निपाणी, संकेश्वर हा सगळा कारखान्यांचा पट्टा आहे, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्यावर यायला लागतात. तू कोल्हापूरचाच आहेस, दिवसा बघितलंयसच, पण हायवेवर रात्री ऐंशीच्या वेगात ते कसं दिसतं ते सांगतो. आधी काहीच दिसत नाही. मागच्या ट्रॉलीला लाईट नसते, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला किंवा वर लोंबणाऱ्या उसानं झाकलेला. मग एकदम आपल्या लाईटमध्ये उसाची कापलेली पांढरी टोकं चमकतात, शेकड्यानं, भिंतीसारखी, आणि ती दिसली तेव्हा आपण अगदी जवळ आलेलो असतो कारण ती ताशी पंधरा-वीसनं चाललेली असते. वर ड्रायव्हरनं टेप मोठ्यानं लावलेला, त्याला हॉर्न ऐकू येत नाही. कधी ट्रॉली पंक्चर होऊन तिथंच उभी असते, मागं दोन दगड आणि एक झाडाची फांदी एवढीच खूण. रस्त्यात नवा असलेल्या माणसानं हे अंधारात बघू नये असं मला मनापासून वाटतंय.

तर माझ्या मते असं कर. पाडव्याच्या सकाळी सहाला निघ. मिसेसना ओवाळायचं असेल तर पहाटे घरी ओवाळून निघा नाहीतर रात्री लॉजवर ओवाळा, सण तोच आहे. तावडे हॉटेलवरनं हायवेला लागेपर्यंत झुंजुमुंजू होतंय, कागलच्या पुढं उजेड. त्या दिवसांत पहाटेचं धुकं असतं, नदीच्या पुलांवर जास्त, धुकं दिसलं तर अपर लाईट लावू नको, डिपरवर चाल, अपरनं समोर पांढरी भिंतच दिसते. कोगनोळीचा टोल, मग निपाणीच्या पुढं तवंदीचा घाट, मग संकेश्वर, हत्तरगी आणि बेळगाव. बेळगाव ११० किलोमीटर, तिथं नाश्ता. त्याच्यापुढं धारवाड-हुबळी. हुबळी-धारवाडचा बायपास बरीच वर्षं दोनच पदरी होता, मधी डिव्हायडर नाही, समोरासमोर धडकून लई माणसं गेलीत तिथं, रुंदीकरण काढलंय पण कामाचा रस्ता म्हणजे पण धोकाच, त्या टप्प्यात ओव्हरटेकच करायचं नाही असं ठरवून टाक, सगळा मिळून तीसेक किलोमीटर आहे, दहा मिनिटं जास्त जातील. मग हावेरी, राणेबेन्नूर, आणि दावणगिरी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडं गाड्यांवर दावणगिरी लोणी डोसा खातोस तो तिथला, गावात जाऊन खा, पोरं खूश होतात आणि तुझी मान-पाठ मोकळी होते. तिथनं चित्रदुर्ग साठ किलोमीटर. तिथं मुक्काम. चारपर्यंत पोचलास तर किल्ला बघून होतो.

आता तुला वाटेल की चारला चित्रदुर्गात आहे, बेंगलोर फक्त दोनशे राहिलं, रेटूया. सगळ्यांना वाटतं. पण ते दोनशे किलोमीटर तुझ्या दहा तासांच्या थकव्यावर, तिन्हीसांजेला आणि शेवटी नेलमंगलाच्या पुढं बेंगलोरच्या ट्रॅफिकमध्ये आहेत, तिथं दमलेला माणूस क्लच-ब्रेक मारून रडकुंडीला येतो. पहिल्या ट्रिपला दिवसाला चारशे किलोमीटर भरपूर. भाऊबीजेला सकाळी सातला निघालास तर दुपारच्या आत ताईच्या दारात आहेस, तेही ताजातवाना. जाताना रस्त्यात दर दोन तासांनी थांबायचं, बरं वाटत असलं तरी थांबायचं, उतरून चालायचं. आणि जांभया सुरू झाल्या, दोन मिनिटांपूर्वीचा बोर्ड आठवेना, गाडी पट्ट्यावर सरकायला लागली, की पेट्रोल पंपावर घे, सीट मागं कर आणि वीस मिनिटं झोप. काच खाली करून, गाणी मोठी करून, तोंडावर पाणी मारून झोप जात नाही, ती फक्त पाच मिनिटं फसवते. आई म्हणतील अरे आता कशाला थांबतोस, तर त्यांना निघायच्या आधीच सांगून ठेव.

आता गाडी. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नको, आठ-दहा दिवस आधी कर. कारण सर्व्हिसिंगमध्ये काही चुकलं असेल तर ते पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये कळतं. मी एकदा टायर अदलाबदल करून घेऊन तसाच पुण्याला निघालो होतो, पेठ नाक्याच्या अलीकडं डाव्या बाजूनं खट खट असा बारीक आवाज, वेग वाढला की वाढायचा. थांबून बघितलं तर पुढच्या चाकाचे नट हातानं फिरत होते. गॅरेजवाल्या पोरानं हातानं लावले आणि पान्यानं आवळायचे राहिले. तेव्हापासून चाक कुणीही काढलं तरी नट मी स्वतः पाना लावून बघतो, तूही बघ, दोन मिनिटांचं काम आहे.

टायरवर सगळ्यात जास्त वेळ घाल, बाकी इंजिन वर्षभराच्या गाडीचं चांगलंच असणार. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर हवा किती ते लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच गाड्यांना दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक फुल लोडसाठी. तुम्ही पाच माणसं आणि बॅगा, म्हणजे दुसरा आकडा. हवा सकाळी टायर गार असताना भर, पन्नास किलोमीटर पळून गरम झालेल्या टायरची हवा जास्तच दाखवते, ती बघून कमी करू नको. लोकांना वाटतं उन्हात हवा कमी ठेवली की टायर फुटत नाही, उलटं आहे, कमी हवेचा टायर बाजूनं दबत राहतो, त्या दबण्यानं आतनं तापतो आणि तोच फुटतो. टायरच्या बाजूला आत बोट घालून फुगवटा आहे का, चीर आहे का बघ, शहरात खड्ड्यात आपटून फुगवटा येतो आणि गल्लीत तो काही करत नाही, हायवेला शंभरात करतो. स्टेपनीची हवा हमखास विसरतात. आणि घरासमोर एकदा स्वतः चाक बदलून बघ, जॅक कुठं लावायचा, पाना बसतो का. नट जॅक चढवायच्या आधी सैल करायचे, चाक हवेत गेल्यावर सैल करायला गेलास तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरनं घसरते.

बाकी कूलंट, ब्रेक ऑईल, वायपरची रबरं, समोरची काच धुवायचं पाणी, सगळ्या लाईटा, एवढं बघ. गाडी तापली तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी डिजिलॉकरमध्ये घालून ठेव, पीयूसीची तारीख बघ, ती लोक बघत नाहीत. फास्टॅगमध्ये आधीच पैसे भर, जाऊन-येऊन बरेच टोल आहेत. वर्षभरात अजून दोन-तीन ट्रिपा करणार असशील तर फास्टॅगचा वार्षिक पास घे, १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांचा होता, २०० टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको.

आता चालवायचं. शहरात तू पुढच्या गाडीचं बंपर बघून चालवतोस, हायवेला पुढच्या तीन-चार गाड्यांच्या पलीकडं बघायचं. आणि अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळनं गेली की एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन असं मनात मोज, तेवढ्यात तू त्या खांबापाशी पोचला नाहीस तर अंतर बरोबर, पोचलास तर जास्त जवळ आहेस. पावसात हेच दुप्पट, आणि दिवाळीत परतीचा पाऊस कधी कधी असतोच. तू अंतर ठेवलंस की मधी कुणीतरी घुसणार, घुसू दे, पुन्हा मागं सर. मनाला ते अपमानासारखं वाटतं, पण दिवसभरात अशा पन्नास गाड्या घुसल्या तरी तुझी पाच मिनिटं पण जात नाहीत. वेगाचं पण तेच. शंभर किलोमीटर अंतर ऐंशीनं सव्वा तासात होतं आणि शंभरनं एक तासात, म्हणजे कमाई पंधरा मिनिटांची, आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जे अंतर लागतं ते दीडपटीपेक्षा जास्त होतं, कारण ते वेगाच्या वर्गानं वाढतं. पहिल्या ट्रिपला ऐंशीच्या वर जायची काही गरज नाही. सहापदरीकरणाची कामं जिथं जिथं चालू आहेत तिथं तर साठच, रस्ता एकदम सर्व्हिस रोडला उतरवतात आणि बोर्ड ऐन वळणावर असतो.

ट्रकवाल्यांबद्दल थोडं. आपल्याकडं अवजड गाड्या उजव्या लेनमधनं हळू चालतात, हे खरं आहे आणि ते बदलणार नाही. मागं थांब, हॉर्न दे, डिपर मार, साईड दिली की उजवीकडनंच जा. डावीकडनं जावंच लागलं तर एकदम हळू, कारण डावीकडनं तो तुला बघत नसतो. त्याच्या आरशात तुला त्याचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस, एवढं लक्षात ठेव. ट्रकच्या शेजारी रेंगाळायचं नाही, पुढं जायचं तर जा नाहीतर मागं राहा. आणि ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ ‘ये पुढं’ असा पण असतो आणि ‘मी उजवीकडं वळतोय’ असा पण असतो, म्हणून इंडिकेटरच्या भरवशावर ओव्हरटेक करू नको, स्वतः रस्ता दिसला तरच. गावं आली की डिव्हायडर जिथं फोडलेला असतो तिथनं मोटरसायकली राँग साईडनं येतात, चाऱ्याचा भारा घेऊन म्हातारी माणसं मधनंच रस्ता ओलांडतात. घरं दिसायला लागली की पाय ब्रेकवर आण.

उतारावर कधीही न्यूट्रल करू नको. डिझेल-पेट्रोल वाचतं म्हणून ट्रकवाले करतात आणि पुण्यात कात्रजच्या बोगद्यापासनं नवले पुलापर्यंतच्या उतारावर ट्रकचे कसे अपघात होतात ते तू बातम्यांत बघितलं असशील. गाडी गियरमध्ये असली की इंजिन तिला धरून ठेवतं, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की पाय दाबूनही धरत नाहीत. ज्या गियरमध्ये चढ चढावा लागेल त्याच गियरमध्ये उतरायचं. बेंगलोरहून परत येताना तवंदीचा उतार लागतो, तिथं गियर कमी करून, ट्रकच्या पुढं न जाता, हळू ये.

पट्टे सगळ्यांनी. मागच्यांनी पण. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता, गाडी साधी नव्हती. बाबा म्हणतील मागं कशाला, तर हे उदाहरण सांग. लेकीला पुढं मांडीवर घेऊन बसायचं अजिबात नाही, एअरबॅग उघडली तर ती पोरावर आपटते. चाइल्ड सीट घे, भाड्यानं घे, कुणाची माग, पण घे आणि मागं बसव. डिकीच्या वरच्या फळीवर बॅगा, पाण्याच्या बाटल्या, फराळाचे स्टीलचे डबे ठेवू नको, जोरात ब्रेक लागला की तो डबा डोक्यात बसतो.

आईंना गाडी लागते असं लिहिलंयस. त्यांना पुढं बसव, मिसेस मागं लेकीजवळ. सकाळी उपाशी पण नको आणि तिखट मिसळ पण नको, भाकरी-दूध किंवा इडली, सोबत आलेपाक. फोन बघायचा नाही, लांब समोर बघायचं. आणि उलटी आली म्हणून हायवेच्या कडेला गचकन थांबवू नको, पिशव्या हाताशी ठेव आणि पंप किंवा ढाबा गाठ. मी बघितलेल्या अपघातांतले लई वाईट अपघात थांबलेल्या गाडीला मागनं धडक बसून झालेले आहेत. गाडी बंदच पडली तर जमेल तितकी डावीकडं घे, चारी इंडिकेटर लाव, माणसं सगळी डाव्या दारानं बाहेर काढून रेलिंगच्या पलीकडं उभी कर, मग त्रिकोण घेऊन पन्नास-साठ पावलं मागं ठेव. गाडीच्या मागं उभं राहून बॉनेट-डिकी बघत बसायचं नाही. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा हेल्पलाईन नंबर आहे, क्रेन, ॲम्ब्युलन्स सगळं तिथनं येतं, आणि ११२ सगळीकडं चालतो. दोन्ही मिसेसच्या फोनमध्ये पण सेव्ह कर.

आता निघायच्या आधीचा एक रविवार राखून ठेव. सकाळी सहाला सगळ्यांना घेऊन, बॅगा भरल्यासारखा भार ठेवून, निपाणीच्या पुढं तवंदी घाट चढून वर जा, चहा पी, तोच घाट गियरमध्ये उतरून परत ये. जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर होतील. पाच माणसांनी गाडीचा ब्रेक किती उशिरा धरतो, ओव्हरटेकला किती दम लागतो, आईंना किती वेळात मळमळतं, लेक चाइल्ड सीटमध्ये किती वेळ बसते, हे सगळं तुला तिथं कळेल. स्टिअरिंग थरथरलं, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली किंवा कसला आवाज आला तर किती वेगाला आला ते लक्षात ठेव आणि मला सांग, सोमवारी उद्यमनगरात माझ्या ओळखीच्या मिस्त्रीकडं दोघं जाऊन दाखवू, दिवाळीच्या आधी हातात चार-पाच दिवस राहतील.